खोलल्याशिवाय नक्की म्हणायचं नाही

गाडी चालू ठेवून सलीमचाचा सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरायचे, मग तो ओला हात नाकाशी न्यायचे. धूर पांढरा, वास गोडसर असला की म्हणायचे, “हेड गॅस्केटचा शक आहे.” इंजिनवरचं झाकण म्हणजे हेड, त्याखालचा पातळ पत्रा म्हणजे गॅस्केट; तो जळला की पाणी इंजिनात झिरपतं. गिऱ्हाईक विचारायचं, “नक्की ना, चाचा?”

“खोलल्याशिवाय नक्की कसं म्हणू? मी काय पीर आहे?”

आठवीत शाळा सोडून मी कोकणातून कामासाठी शहरात आलो, तेव्हा क्रांती चौकामागच्या या गॅरेजवाल्यानंच मला ठेवून घेतलं. निजायला स्वतःच्या घरातली खोली दिली. मी प्रत्येक बोल्ट पुन्हापुन्हा तपासायचो. चाचा म्हणायचे, “भित्रा आहेस ते बरंय. भित्रा मिस्त्री अर्धवट कसून सोडत नाय.”

एका हिवाळ्यात चितेगावहून एक जीप आली. ड्रायव्हर रोज रेडिएटर भरायचा, खाली मात्र थेंब नाही. चाचांनी इंजिन गार होऊ दिलं, रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू करायला लावली. पाण्यात बुडबुडे उठले. तेलाच्या झाकणाखाली सायीसारखा थर होता.

“पाणी घालून चालतीय की,” ड्रायव्हर म्हणाला.

“चालतीय, पण पाणी जातंय कुठं? बाहेर नाय, म्हंजे आत.”

त्याच हिवाळ्यात चाचा वाळत चालले. खोकला थांबेना, सदरा अंगावर लोंबू लागला. शेवटी मी भीत भीत विचारलं, “चाचा, बाहेर गळती नाही, मग तुमचं अंग जातंय कुठं?”

ते हसले, मग बराच वेळ खोकत राहिले. “माझं हेड उतरवायचं नाय, बेटा. जुनं इंजिन खोललं की परत बसत नसतं.”

चाचींनी आणि मी मागे लागून त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं, तोवर उशीर झाला होता. डॉक्टरांनी तसं सांगितलंही. बाहेर पायरीवर बसून चाचांनी छातीचा फोटो उन्हात धरला, जळकं गॅस्केट धरायचे तसाच, दोन्ही हातांनी, कडा न मोडता. पांढऱ्या डागावर काळं नख टेकवलं.

“बघ, इथनं गेलंय. आता शक नाय.”

मी मान फिरवली.

“बघ म्हणतो ना. पुढं तुलाच बघायचंय.”

उन्हाळ्यात चाचा गेले. जनाज्याला खांदा दिला, तेव्हा खांद्यावर जवळजवळ काहीच नव्हतं.