उपासाचं मीठ

कोपरीच्या काळुरामची कल्पिता काय काम करते, हे सांगताना भावकीची मोठी पंचाईत व्हायची. घोडबंदर रोडवरच्या ऑफिसात बसून ती कॉम्प्युटरवर हृदयाची एक पेशी चालवायची. तीही थकलेली, आजारी. अशा पेशीत सोडियम साचत जातं. ते बाहेर ढकलणारा पंप दमतो आणि पेशीची हालचाल बिघडते. कुठे काय बदललं तर ती सावरेल, हे कल्पिता गणितं मांडून शोधायची.

"सोडियम म्हंजे आपला मीठच ना?" काळुराम विचारायचा. उमेदीची वर्षं खाडीकाठच्या मिठागरात काढलेला माणूस; लेकही अखेर मिठातच उतरली म्हणून त्याला कोण अभिमान!

त्याच काळुरामचं हृदय थकलं. पाय सुजले, आडवं पडलं की धाप लागायची. डॉक्टरांनी मीठ जवळजवळ बंदच केलं. कल्पिता बापाला गोळ्या द्यायची आणि आईला रोज विचारायची, "मीठ नाही ना घातलंस?" शकू गळ्याची शपथ घ्यायची. स्वयंपाकघरात मात्र ती लेकीला पाऊल टाकू देत नसे. शिकलेल्या पोरीने शेगडीपाशी कशाला मरायचं, हा तिचा हट्ट. पोरीलाही ते बरंच होतं, खोटं कशाला बोला! सूज काही उतरेना. दवाखान्यात ने-आण सुरू झाली आणि शेवटच्या खेपेला काळुराम परत आला नाही.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. शकूला ताप भरला, म्हणून कल्पिता पेज करायला आत गेली. फळीवर गुलाबीसर पूड भरलेली बरणी होती. तिने चिमूटभर जिभेवर ठेवली. सैंधव.

"उपासाचा मीठ हाय तो," शकू अंथरुणातून म्हणाली. "आळणी जेवन त्यांच्या घशाखाली उतरत नव्हता. उपासाला चालतो, त्याला मीठ कोन म्हनल? साधा मीठ नखाएवढा दिला नाय मी. माजा काय चुकला का गं, बाय?"

सैंधव म्हणजे शेवटी मीठच. दिवसभर जे कल्पिता पडद्यावर मोजत होती, तेच घरी बापाच्या ताटात पडत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तिला स्वतःचा भयंकर संताप आला, आईचा येईना.

"नाही गं आई. तुझं काही चुकलं नाही."

शकूचा चेहरा इतक्या दिवसांनी सैल पडला. "मंग ती बरणी विश्रामभावजींना दे. त्यांनापन डॉक्टरनी मीठ सोडायला सांगितलाय. थोडा मी आधी दिलाय." विश्राम म्हणजे शेजारी, काळुरामचा मिठागरातला सोबती. त्याचेही पाय सुजत.

बरणी मोरीत ओतावी आणि गप्प बसावं, असं कल्पिताला फार वाटलं. पण शेजारी चूल पेटतच होती, आणि आधी दिलेलं सैंधव तिथे होतंच. ती आईच्या उशाशी बसली आणि खरं ते सांगितलं. बाबा नुसत्या मिठाने गेले नाहीत, हेही सांगितलं, आणि तेही खरंच होतं. पण शकूला ते ऐकूच गेलं नाही.

ती तापातच उठली, पदर खोचून शेजारच्या दारात जाऊन उभी राहिली. मागोमाग कल्पिता.

"भावजी, ती पूड टाकून द्या. मीठच हाय तो. आमच्यांना मीच खायला घातला, नि ते गेले. खरा का खोटा, माज्या पोरीला इचारा. ती खोटा बोलनार नाय."

विश्रामने कल्पिताकडे पाहिलं. तिला होकारार्थी मान हलवावी लागली.