आपटे काकांची डोलकाठी

जुनी बोट दुरुस्तीला काढली की बोट पाण्यात जाईल याची खात्री नसते, किस्से मात्र आपोआप साठतात. गेली दोन वर्षं माझे शनिवार मुळशीला गेलेत. कंबर गेली ती वेगळीच. आता कोणी नुसतं ‘शीड’ म्हटलं तरी मला दमायला होतं.

बोट माझे शेजारी आपटे काका यांची. दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी जोडून केलेली शिडाची कॅटमरान, धरणाकाठी नामदेवअण्णांच्या गोठ्यात पडून होती. काकांना काचबिंदू. उरलेली नजर फार टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. ती जायच्या आत एकदा बोट स्वतः चालवायची, एवढंच काकांचं म्हणणं. नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. ऑफिसातल्या प्रसादलाही ओढलं.

*

डोलकाठी ताणलेल्या तारांवर उभी राहते. प्रसादने जुन्या तारा सोडवताना प्रत्येकीला कागदी लेबल लावलं, एक्सेल शीट केली. मग मुळशीचा पाऊस लागला आणि गोठ्यात लेबलांचा लगदा झाला. डावी कोणती, उजवी कोणती, यावर आम्ही दोघे इंजिनिअर अख्खी सकाळ भांडलो. अण्णा धारा काढून आले, दोन्ही तारा जमिनीवर शेजारी ठेवल्या आणि म्हणाले, “दोनी सारक्याच हायेत की.”

*

काका तारेवरून सुती रुमाल फिरवायचे. पिळातला एखादा बारीक तंतू तुटला असेल तिथे रुमाल अडकतो. प्रसादने मात्र मोबाइलवर झूम करून फोटो काढले आणि तारा ओके असल्याचं जाहीर केलं. काकांचा रुमाल सात ठिकाणी अडकला.

“प्रसाद, तुझ्या मोबाइलचे डोळे तपासून घे,” काका म्हणाले. “माझ्या डॉक्टरांचा नंबर देतो.”

*

नव्या तारा आणायला पौडला पंपाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने विहीर किती खोल ते विचारलं. विहीर नाही, बोअर नाही, पंचवीस फुटी खांब उभा करून चारी बाजूंनी ताणायचाय, म्हटल्यावर त्याने हातच जोडले. देवाची काठी समजला! जत्रा कधी आहे, म्हणाला. समजावायचं त्राण नव्हतं. मी पुढचा शनिवार आणि अण्णांचा गोठा सांगून टाकला.

शनिवारी तो नारळ घेऊन हजर.

*

त्या दिवशी बोट गोठ्याबाहेर काढून डोलकाठी उभी करताना मी आणि प्रसाद दोनदा आपटलो. शेवटी अण्णांनी गावातले चौघे बोलावले. दरवर्षी जत्रेची काठी उभारणारी माणसं; चहा उकळायच्या आत काम झालं. दुकानदाराने नारळ फोडला. मग काकांनी विचारलं, शीड चढवायचा दोर टोकाच्या कप्पीतून ओवलाय ना? मी प्रसादकडे बघितलं. प्रसाद माझ्याकडे बघत होता.

डोलकाठी परत उतरवायला हवी होती. पण अण्णा ऐकेनात. “नारळ फुटलाय. आता जत्रा झाल्याबिगर काठी आडवी करायची न्हाई.”

अर्धा तास विनवण्या झाल्या. तोडगा अण्णांनीच काढला: काठी नको, होडीच आडवी करू. सगळ्यांनी मिळून बोट कुशीवर कलती केली, प्रसादने गवतावर बसून दोर ओवला, बोट पुन्हा सरळ झाली. काठीचा मान राहिला. माझी पाठ मात्र अजून दुखतेय.

*

त्यानंतर दोन शनिवारांनी बोट पाण्यात गेली. सुकाणूवर काका, शिडाच्या दोरावर मी. धरणाचं पाणी उतरलेलं, मध्येच एका बुडालेल्या झाडाचं खोड वर आलेलं. बोट सरळ त्याच्यावर निघाली. मी ओरडणार, तेवढ्यात काकांनी गालावर वारा घेत सुकाणू जरासं वळवलं आणि खोड हातभर अंतरावरून मागे गेलं.

तासभर काकांनी बोट चालवली. त्यांना इतकं खुशीत मी कधी बघितलं नव्हतं. दोन वर्षांत पहिल्यांदा मलाही बरं वाटत होतं.

काठावर अण्णा गुडघाभर पाण्यात उभे होते. त्यांनी लांबून सगळं बघितलेलं. काकांना हात देऊन उतरवताना ते म्हणाले, “काका, त्या खोडापासनं होडी लई बेस काढली बगा.”

काका अण्णांचा खांदा धरून थांबले.

“कुठलं खोड?”