चावी खिशात, गाडी चालू!

गॅरेजमध्ये नट-बोल्ट हरवतात, किस्से मात्र साचत जातात. हिंगोलीत ट्रॅक्टर अन् जीपा दुरुस्त करत माझं बरं चाललं होतं. पण दोन हजार दोनच्या आसपास माझा वर्गमित्र मिलिंद, आयटीआयमधला मास्तर, पुण्याहून एक जुनी जपानी टर्बो गाडी घेऊन आला. लाल, बुटकी, दोन दारांची. तेव्हापासून माझ्या डोक्याचा जो गोंधळ झाला, तो आजवर निस्तरला नाही राव!

टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, हे त्यानं मला तीनदा सांगितलं. मी विचारलं, "मग उन्हाळ्यात पंखा फुल ठेवायचा का?" त्यानं कपाळावर हात मारला.

*

मिलिंदचे बाबा रिटायर एसटी ड्रायव्हर. जन्मभर दुसऱ्यांना गावोगाव पोचवलेला माणूस. त्यांनी एकदा तरी आपल्या गाडीत बसावं, एवढ्यासाठी पोरानं ती आणलेली. पहिल्याच दिवशी त्यानं मोठ्या हौसेनं डावं दार उघडून धरलं. "बसा, बाबा!"

बाबांनी गाडीला एक चक्कर मारली. दारं मोजली.

"एवढ्या लांबून आणली, अन् अर्धीच आणली काहून रे?"

अन् सायकल काढून गेले निघून! मिलिंदचं तोंड एवढंसं झालं.

*

या गाडीला एक भानगड होती. चावी काढली तरी इंजिन दोन मिनिटं चालूच! तापलेला टर्बो हळूहळू थंड व्हावा म्हणून बसवलेलं यंत्र ते. मला काय माहीत? मिलिंद चावी खिशात घालून चहाला गेला, अन् इकडं गाडी घुरघुरतेय. मी घाबरून बॅटरीची वायरच उपसली.

बाबा ओट्यावरून बघत होते. संध्याकाळी पोराला म्हणाले, "तुह्या मामाचा ट्रॅक्टर ढकलल्याबिगर चालू व्हत न्हाई, अन् तुही गाडी बंद व्हत न्हाई. खानदानच येगळं!"

मिलिंदनं पुन्हा डावं दार उघडलं. बाबांनी पुन्हा सायकल काढली.

*

मग मिलिंदनं नवा व्हॉल्व्ह बसवला. गिअर बदलला की जादा हवा बाहेर. फुस्स!

आखाडा बाळापूरला पंक्चरवाले चाचा आवाज ऐकून धावत आले. चारी चाकं तपासली, सगळी टणक. आम्ही निघालो, फुस्स! चाचा पुन्हा मागं पळत.

"अरे, हवा किधर से निकल रही?"

"इंजिन में से, चाचा."

"उधर कौन भरा?"

"टर्बो ने."

"तो उसीकोच बुलाओ ना! मेरे कू काहे को तकलीफ?"

*

स्प्रिंग कापून गाडी आणखी खाली बसवायची अवदसा आठवली ती माझीच. साखरा गावच्या स्पीडब्रेकरवर गाडी पोटावर अडकली. चाकं गरागरा, गाडी जागच्या जागी! शेजारच्या तांड्यावरचे सहा जण आले अन् त्यांनी उचलून पलीकडं ठेवली. त्यातले एक म्हातारे काका आत डोकावले.

"रिकामी हाय म्हणून उचलली. भरून आणली असती तर?"

"काका, हिच्यात काही भरता येत न्हाई."

"मंग आणली काहून?"

 

*

दोन वर्षांनी मिलिंदनं गाडी विकायला काढली. नागपूरचा माणूस न्यायला यायचा, त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. गॅरेजात बसून मला म्हणाला, "बाबा एकदाबी बसले न्हाईत. आता कोणासाठी ठेवू?"  

मागं बाबा उभे! कधी आले, कळलंच नाही. अंगात इस्त्रीचा खाकी शर्ट.

मिलिंदनं गडबडीत डावं दार उघडलं. बाबा वळसा घालून उजवीकडं गेले अन् स्टेअरिंगवर बसले. आरसा नीट केला. "बस," म्हणाले. मिलिंद डावीकडं बसला.

गाडी चालू झाली. पहिला गिअर पडला. अन् गाडी हलेचना! एक मिनिट झालं, दोन झाली. मी वाकून पायाकडं बघतोय, क्लच अडकला की काय! मिलिंदला घाम फुटला.

"बाबा, काय झालं? गिअर पडला न्हाई का?"

बाबांची नजर सरळ रस्त्यावर.

"सगळं बराबर हाय. डबल बेल दे की!"

मिलिंदनं हात वर केला अन् टपावर दोनदा थाप मारली.