रोमचा काळा दगड

रोमला कशाला जायचं, हा प्रश्न त्या वर्षी मला अख्ख्या पेठेनं विचारला. दूधवाला म्हणाला, “सर, तिथं म्हशी हायत्या काय? नसत्याल तर च्या कशाचा पिणार?” शेजारच्या काकू म्हणाल्या, अजून काशी झाली नाही आणि हे रोमला निघाले. आमच्या मुख्याध्यापकांनी तर रजेचा अर्ज लाल शाईचा शेरा मारून परत पाठवला, ‘कारण सविस्तर नमूद करावे.’ मग मी बसून पानभर कारणं लिहिली. शिल्पं, भित्तिचित्रं, कमानी, घुमट, विद्यार्थ्यांना होणारा लाभ. सगळी खरी होती. पण ज्या कारणासाठी मी निघालो होतो, ते त्या पानावर नव्हतं. मला एका माणसाचं तोंड बंद करायचं होतं. तो माझा सगळ्यात जवळचा मित्र होता, आणि सात वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

मी शाळेत चित्रकला शिकवायचो आणि तो भूगोल. तो गडमुडशिंगीहून सायकलनं यायचा, पावसाळ्यात एसटीनं. मी त्याला ‘भूगोल’ म्हणायचो, तो मला ‘रंगारी’. दोघांनाही नाकावर माशी बसलेली चालायची नाही, म्हणूनच बहुधा आमचं जमलं. कुस्त्यांचं मैदान असलं की आम्ही कोल्हापूरच्या खासबाग मैदानात जायचो. कुस्ती मला फारशी कळत नसे. मी आपला पैलवानांच्या पाठीचे आणि मांड्यांचे आकार बघत बसायचो, आणि तो मला डाव सांगायचा.

आमच्या महाराजांनी रोममधलं जुनं मैदान बघितलं आणि त्यावरून खासबाग बांधलं, असं गावात सांगतात. एकदा कुस्त्या संपून गर्दी पांगली, तरी आम्ही पायऱ्यांवर तसेच बसून होतो. तो म्हणाला, “ज्याच्यावरनं ह्ये केलं, ते एकदा बघाय पायजे रंगारी.” मी म्हटलं, जाऊया की. माझ्या वर्गात प्लास्टरचं एक रोमन डोकं होतं, नाक फुटलेलं. त्या एका डोक्यावर मी पोरांच्या कितीतरी तुकड्या चित्र काढायला शिकवल्या होत्या. धड नाक असलेली डोकी जिथं उभी आहेत, ते गाव मला बघायचंच होतं. त्याला भूमध्य समुद्र बघायचा होता. दरवर्षी फळ्यावर तो समुद्र काढून त्याचा हात इतका बसला होता, की डोळे मिटून इटलीचा बूट काढायचा. दोघांनी मिळून जायचं, असं त्या दिवशी ठरलं. दोन मास्तरांचा पगार बघता ते हसण्यासारखंच होतं, पण आम्ही हसलो नाही.

पुढं एका संमेलनात पोरांनी रोमन सेनापतीचा एक प्रवेश बसवला आणि मागचा पडदा रंगवायचं काम माझ्याकडं आलं. मी मांजरपाटाचा मोठा पडदा शिवून घेतला आणि त्यावर रोमचं ते गोल मैदान काढलं. समोर पुस्तकातलं बोटभर चित्र होतं, तेही काळंपांढरं. दगडाचा पोत कळावा म्हणून मी तीन संध्याकाळी अंबाबाईच्या देवळाच्या मागच्या भिंतीशी वही घेऊन बसलो. काजळी, थोडी नीळ आणि सरस असा रंग खलून पडदा रंगवला. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला जुना दगड म्हणजे काळा दगड. देऊळ काळं, भवानी मंडप काळा, पंचगंगेचा घाट काळा, रंकाळ्याचा बांध काळा. दोन हजार वर्षांपूर्वीची इमारत आणखी कुठल्या रंगाची असेल, ही शंकासुद्धा मला आली नाही. पडदा झकास झाला होता, हे मी आजही सांगतो.

रंगीत तालमीला दर्शनी पडदा वर गेला आणि पहिल्या रांगेतून भूगोल ओरडला, “रंगारी, ह्ये रोम हाय का जोतिबाचा डोंगूर?”

पोरं हसली, मास्तर लोक हसले. दुसऱ्या दिवशी तो परदेशी मासिकातलं एक रंगीत पान घेऊन शिक्षकांच्या खोलीत आला. त्यात ते मैदान फिकट, पिवळसर दिसत होतं. तो काही मला खिजवायला आला नव्हता. म्हणाला, “बघ की, किती झ्याक दिसतंय. अजून येळ हाय, वरनं हात मार.” पण माझं डोकं आदल्या दिवसापासून तापलेलं होतं. मी म्हटलं, छपाईत रंग उडतो. तो म्हणाला, एवढा न्हाय उडत. मी म्हटलं, नकाशात नद्या निळ्या असतात, म्हणून पंचगंगा निळी आहे का? खोलीत हशा पिकला. तिथं मी थांबायला हवं होतं. पण हशा ऐकून मला चेव आला आणि मी म्हणालो, “कापूस पिंजणाऱ्याच्या पोराला सगळं पांढरंच दिसणार.”

त्याचे वडील दारोदार जाऊन कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. त्या पिंजणीवर त्यांनी पोराला बी.ए., बी.टी. केला होता. माझ्या घरातल्या गाद्यासुद्धा त्यांनीच भरलेल्या. खोलीत कुणी हसलं नाही. त्यानं ते पान चार घड्या करून खिशात घातलं आणि तासाला निघून गेला.

त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. एकाच खोलीत, एकाच लांब टेबलाशी सात वर्षं. काही सांगायचं झालं तर आम्ही शिपायाकरवी सांगायचो, आणि तो बिचारा दोन हातांवरच्या माणसाला निरोप पोचवायचा. बायकांनी मात्र आमचं भांडण मोजलंच नाही. ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा, दिवाळीला आमच्याकडून फराळ जायचा. तो शीरखुर्मा मी दोन वाट्या खायचो आणि वर भूगोललाच नावं ठेवायचो. असा मी खाल्ल्या मिठाला जागणारा. माझं चुकलंय हे मला पहिल्या रात्रीच कळलं होतं. पण माफी मागायची तर दगडाच्या रंगातही हार मानावी लागेल, असं मला वाटत राहिलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे कळायला मला सात वर्षं लागली.

मग लंडनला असलेल्या बहिणीनं बोलावलं. तिच्या नवऱ्यानं तिकीट पाठवलं, आणि परत येताना विमान रोमला थांबतं, तिथं दोन दिवस उतरता येईल असं कळवलं. बायको म्हणाली, “जाण्याआधी एकदा मुडशिंगीला जाऊन या.” मी म्हटलं, पुरावा घेऊनच जातो. ती म्हणाली, “माफी मागायची लाज वाटते म्हणून दगड बघायला निघालात.” खरं बोलणाऱ्या माणसाशी वाद घालता येत नाही.

रोमला उतरलो तेव्हा बहिणीनं दिलेली शिदोरी हातात होती, भाषा येत नव्हती आणि नकाशा उलटा धरला होता. तरी चुकलो नाही. एका रस्त्याच्या वळणावर ते मैदान एकदम समोर आलं, आणि ते काळं होतं. खरंच काळं! चहूबाजूंनी मोटारी फिरत होत्या आणि कमानींच्या आत, खांबांच्या खाचांत, खालच्या सगळ्या भागावर काळा थर होता. मला इतका आनंद झाला की मी “बघ, बघ की लेका!” असं मोठ्यानं म्हणत उजवीकडं वळलो.

उजवीकडं कुणी नव्हतं. एक बाई आइस्क्रीम खात उभी होती, ती दचकली.

मी जवळ गेलो. रस्त्यावरच्या नळाला दिवसभर थंडगार पाणी वाहत असतं तिथं, कुणी बंद करत नाही. त्या पाण्यात रुमाल भिजवला आणि एका कोपऱ्यात हळूच दगड पुसला. रुमाल काळा झाला. मोटारींचा धूर होता तो. खालून जोंधळ्याच्या भाकरीसारखा फिकट दगड निघाला. हरल्याचं दुःख होईल असं वाटलं होतं, पण ते काही झालं नाही. रंगाचं मला काहीच वाटत नव्हतं.

वाटत होतं ते वेगळंच. आत गेलो तर पायऱ्या खासबागेसारख्याच उतरत गेलेल्या. मधली जमीन मात्र नाहीशी झालेली, खालच्या भिंती उघड्या पडलेल्या. कुस्ती धरायची तर कुठं, हे भूगोलनं पाच मिनिटांत सांगितलं असतं. दुसऱ्या दिवशी संग्रहालयात मी धड नाक असलेली डोकी बघितली, फुटक्या नाकाचीही पुष्कळ बघितली. पाइनची झाडं छत्रीसारखी उभी होती. संध्याकाळी सगळ्या गावावर ऊन असं पडायचं की प्रत्येक भिंत भाजल्यासारखी दिसायची. रोमला का जावं, याला एवढी कारणं पुरेत, आणि मी आजही पोरांना जा म्हणूनच सांगतो. पण हे सगळं ज्याला सांगावं असं वाटत होतं, तो माणूस जगात एकच होता, आणि त्याला मी सात वर्षांपूर्वी बापाच्या धंद्यावरून बोललो होतो. दोन दिवस मी एकटाच शिदोरी खात हिंडलो.

कोल्हापूरला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुडशिंगीची एसटी धरली. एव्हाना मे महिन्याची सुट्टी लागली होती. तो घराच्या पुढच्या सोप्यात खाटेवर वर्तमानपत्र वाचत बसला होता. मला बघून उठला आणि म्हणाला, “या पावणं, बसा.”

पावणं! अनोळखी माणसाला म्हणतात तसं. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. “दगड फिकट आहे. तुझं बरोबर होतं. आणि वडिलांवरून मी जे बोललो, ते बोलणारी जीभ झडायला हवी होती. मला माफ कर.”

तो वर्तमानपत्राची घडी घालत राहिला. मग म्हणाला, “बस की आता. चहा ठेवाय सांगतो.”

चहा झाला, दुपारचं जेवणही तिथंच झालं. तो विचारत होता आणि मी सांगत होतो. पायऱ्या किती उंच, दारं किती, आवाज घुमतो काय, माती कसली. समुद्र विमानातून दिसला तेवढाच, असं मी म्हटलं तर त्यानं समुद्राचा रंग तीन वेळा विचारला. सांगता सांगता मी त्याच्या वहीत मैदानाचं चित्र काढलं. सात वर्षांपूर्वीचे आम्ही दोघं परत आल्यासारखं मला वाटलं, आणि मनातून फार हलकं वाटलं.

मग तो उठून आत गेला. येताना हातात एक लहान निळं पुस्तक होतं. त्यानं ते माझ्या हातात दिलं. त्याचा पासपोर्ट होता. फोटोत त्याचे केस अजून काळे होते. मी तारीख बघितली. आमचं भांडण झालं त्याच्या पुढच्या वर्षी काढलेला होता, आणि त्याची पाच वर्षांची मुदत संपून गेली होती. मी पानं उलटली. एकावरही शिक्का नव्हता.

“मुंबईला दोन खेपा घातल्या त्याच्यापायी,” तो म्हणाला. “म्हटलं, रंगाऱ्याचा राग किती दिवस टिकतोय? येईल एक दिवस, म्हणंल, चल भूगोल. तवा आपली तयारी पायजे.”

मी पासपोर्ट मिटला.

“बापाचं बोललास ते लागलं हुतं रं. पण ते इसरलो मी,” तो म्हणाला. “तू मला सोडून गेलास, ह्ये काय इसराय व्हईना बघ.”