मावसाजींची स्वप्नं

आमच्या मावसाजींइतका झोपेत उद्योगी माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात झाला नसेल. दिवसा ते कचेरीत जमिनीचे कागद उतरवून काढत. जागेपणी मुंगीच्याही वाटेला न जाणारा हा कारकून स्वप्नात मात्र उटनूरच्या जंगलात वाघाला पाढे शिकवी, बासरला गोदावरीवरून चालत जाई, आणि सकाळी चहाबरोबर ते सगळं आम्हाला तपशीलवार ऐकवी. स्वप्नातल्या गुन्ह्यांची तर ते ज्याच्या त्याच्या घरी जाऊन माफी मागत. एकदा शेजारच्या काकूंच्या दारात हात जोडून उभे राहिले. "काकू, तुमच्या वेलावरचं कोहळं म्या तोडलं. सपनात. पन तोडलं." काकू वेल पाहून आल्या, कोहळं जागेवर होतं, तरी "केलं माफ" म्हणवून घेतल्याशिवाय मावसाजी हलले नाहीत.

मग तापाचं वर्ष आलं. घरोघर माणसं सांधे धरून पडली, काही उठलीच नाहीत. मावसाजींच्या स्वप्नांतले वाघ गेले आणि गावातली माणसं येऊ लागली, तीही पाठमोरी. सकाळी ते त्या त्या माणसाच्या दारी जाऊन विचारत, "बरा हायेस नं बाबू?" त्यातले दोघं आठवड्याच्या आत वारले. गावाला एवढं पुरे झालं. मावसाजी दिसले की दारं लागत. कचेरीतल्या साहेबांनी तर, आपल्याला स्वप्नात घेऊ नये, अशी लेखी समज द्यायचीच काय ती बाकी ठेवली.

एका सकाळी ते आमच्याकडे आले. आई पाच दिवस तापानं फणफणत होती. मी दार अर्धंच उघडलं.

"बाबू, जरासा बसू का..."

"मावसाजी, हात जोडतो. काई सांगू नका."

ते थबकले. "बरं," म्हणाले आणि गेले.

आई बरी झाली, ताप ओसरला. मावसाजींनी स्वप्नाचा विषय पुन्हा काढला नाही. खूप दिवसांनी मावशी म्हणाली, "त्या दिवशी त्याईले सपन नव्हतं पडलं रे. तीन हप्ते डोळ्याले डोळा नव्हता. झोपलो तं कोन दिसन, म्हून जागेच राहत. तुह्याजवळ बसाले गेलते."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. "मावसाजी, काय सपन पडलं?"

"काई नाई बा. आता गुमान झोपतो," ते हसून म्हणाले, आणि खाटेवर सरकून त्यांनी मला जागा केली. मी बसलो, बराच वेळ बसलो.