टाचेतला ठिपका

लायडन शहरात छापायची चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरणारे पुष्कळ होते, पण योरिसचा हात कुणाला नव्हता. विद्यापीठातले एक प्राध्यापक पोटातल्या बाळांच्या हाडांचं पुस्तक काढत होते आणि त्यातली चित्रं योरिस कोरत होता. हाडांतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. दिसेल ते जसंच्या तसं उतरवायचं, एवढंच तो जाणे, आणि त्याचा त्याला गर्वही होता.

सातव्या महिन्याच्या बाळाचा एक पाय प्राध्यापकांनी काळ्या पाटीवर मांडून दिला. योरिसने त्याचं कागदावर चित्र काढलं. दुसऱ्या दिवशी कोरायला बसला आणि माशी शिंकायच्या जागी स्वतःच शिंकला. तपकीर ओढायची खोड! टाचेतलं मोहरीएवढं हाड उडालं ते कायमचं. नवराबायकोने रांगत सगळी जमीन धुंडाळली.

"अहो, सांगून टाका ना त्यांना," बायको फेम्के म्हणाली.

"सांगतो. आणि उद्यापासून तंबाखूच्या पुड्यांवर चित्रं काढतो!"

प्राध्यापक पाय आणि चित्र ताडून बघणार, हे ठाऊक असल्यामुळे त्याने टाच रिकामीच कोरली. त्यांनी ताडून पाहिलं, शाबासकी दिली आणि खाली छापलं, की सातव्या महिन्यात टाचेत हाड नसतं.

नऊ वर्षं सुखात गेली. मग एके सकाळी फेम्के मासळीबाजारातून धापा टाकत आली. कापडवाल्याकडची मोलकरीण बार्ता माळ्यावर एकटीच बाळंत झाली होती आणि बाळ मेलेलं सापडलं होतं. सातच महिने भरले होते, मेलेलंच जन्मलं, असं ती रडून सांगत होती. शहराच्या वैद्याने न्यायाधीशांसमोर पुस्तक उघडून दाखवलं होतं. बाळाच्या टाचेत हाड आहे, म्हणजे दिवस पूर्ण भरले होते. पोरीनेच त्याला मारलं.

"फाशी देणार हो तिला! तुमच्या शिंकेपायी!"

योरिसने टोपी घातली, टाचेत हाड असलेलं ते पहिलं कागदी चित्र पेटीतून बाहेर काढलं आणि न्यायकचेरी गाठली. पुस्तकाचे कर्ते म्हणून प्राध्यापकही तिथे बोलावलेले होते; त्यांच्यासमोरच त्याने शिंकेची सगळी हकिगत सांगितली.

"नऊ वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं?" त्यांनी विचारलं.

"हो. पोटापाण्याची भीती होती," योरिस म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण चित्र त्याने टेबलावर ठेवलं.

मग सुइणींना बोलावून विचारलं गेलं; बाळ सातच महिन्यांचं होतं, असं त्यांनी सांगितलं. बाळंतपण लपवलं म्हणून बार्ताला शहराबाहेर घालवलं, पण फास टळला. योरिसचं विद्यापीठातलं काम मात्र त्याच दिवशी बंद झालं. तंबाखूच्या पुड्याच नशिबी आल्या.

दर रविवारी चर्च सुटलं की तो दौत आणि बारीक टाक घेऊन निघे. ज्यांच्याकडे ते पुस्तक आहे, त्यांच्या दारात उभा राही आणि विनवणी करून त्या टाचेत एक ठिपका देऊन येई. "आला ठिपकेवाला," लोक म्हणत. काही दारं तोंडावर आपटली जात, तेव्हा तो पुढल्या रविवारी पुन्हा जाई. अशी अकरा वर्षं गेली. प्राध्यापकांचं दार वाजवायची हिंमत तेवढी त्याला कधी झाली नाही.

एका दुपारी म्हातारे प्राध्यापकच काठी टेकत आले. बगलेत पुस्तक होतं. त्यांनी तेच पान उघडून योरिसपुढे ठेवलं.

"माझं राहिलंय," ते म्हणाले.

योरिसने टाक उचलला. फेम्केने त्याच्याजवळची तपकिरीची डबी लांब नेऊन ठेवली.