पोटाची चौकशी

दिल्ली आणि नोएडाच्या या अफाट पसाऱ्यात दुसऱ्यांच्या आतड्यांची जिवापाड काळजी वाहणारा माणूस एकच झाला, आणि ते नेमके माझे सासरे. लोक भेटल्यावर "कसे आहात?" विचारतात; आमचे बाबा "सकाळी पोट साफ झालं का?" असं विचारायचे आणि उत्तरासाठी थांबायचेही. सगळी नोकरी केंद्र सरकारच्या फायली पुढे सरकवण्यात गेली म्हणून असेल, पण कुठेही काही तुंबलेलं त्यांना सहन होत नसे. "साठीनंतर सगळं शरीर पेन्शनवर जातं," ते सांगायचे, "आतडी बिचारी ड्युटीवरच. त्यांना ओव्हरटाइम देऊ नये, यार!" हे ते सोसायटीच्या लिफ्टमध्ये, अनोळखी माणसाला सांगायचे. तेवढा वेळ मी लिफ्टमधली सूचना वाचत उभी राहायची. ती मला पाठ झाली आहे.

रात्रीचं जेवण दिवेलागणीलाच उरकलं पाहिजे, हा त्यांचा नियम. दिल्लीतल्या लग्नात तर त्या वेळी मंडपवाले खुर्च्या लावत असतात. म्हणून बाबा मुगाच्या खिचडीचा डबा घेऊन जायचे, पहिल्या रांगेत बसून तो संपवायचे आणि नवरा-नवरीसाठी सजवलेल्या सोफ्यावर वज्रासन घालायचे. फोटोवाला "अंकलजी, जरा हट जाइए" म्हणाला, तर त्यालाच त्यांनी शेजारी बसवून घेतलं. मी माझ्या नवऱ्याच्या आडून दुसऱ्याच कोणाच्या तरी पाहुण्यांत सामील झाले. कोपर्निकस मार्गावरच्या मराठी कँटीनमध्ये शेजारच्या टेबलावरच्या बड्या साहेबांना ते म्हणाले होते, "साहेब, तुम्ही चावत नाही, नुसते गिळता. वडा काही पळून जात नाही, एवढी घाई बरी नाही." साहेबांनी अर्धा वडा तसाच ठेवला आणि मी माझी मिसळ ताटलीत डोकं घालूनच संपवली.

पण सगळ्यावर कडी झाली ती आमच्या मॅडम जेवायला आल्या तेव्हा. माझं प्रमोशन त्यांच्याच हातात. बाबांनी त्यांना अदबीनं ताक दिलं आणि तितक्याच अदबीनं विचारलं, "मॅडम, सुबह एक बार में हो जाता है, या दोबारा जाना पड़ता है?" मॅडमचा चमचा हवेतच राहिला. मी स्वयंपाकघरात जाऊन फ्रिज उघडला आणि उगाच त्यात बघत बसले. आठवड्यानंतर मॅडमनी मला कॉफी मशीनपाशी गाठून हळूच विचारलं, "वो काली मुनक्का रात को भिगोनी है ना?" बाबांनी सांगितलेल्या काळ्या मनुकांचा त्यांना गुण आला होता. मला मात्र त्याचीही लाज वाटली.

दिवाळीनंतर बाबा गप्प झाले. बागेतल्या फेऱ्या बंद झाल्या. ताटातली अर्धी भाकरी तशीच राहू लागली, सदरा खांद्यावरून ओघळू लागला. विचारलं की म्हणायचे, "भूक नाही गं." नवरा म्हणाला, "अच्छा आहे, जरा शांत झालेत." खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं वाटलं.

एका दुपारी मीटिंग रद्द झाली म्हणून मी लवकर घरी आले. बाथरूमचं दार अर्धवट उघडं होतं. आवाज होऊ नये म्हणून नळाची बारीक धार सोडून बाबा आपला पायजमा धूत बसले होते. मला पाहिल्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मी बादलीला हात लावला, तर त्यांनी ती ओढून घेतली.

"मला कळतच नाही गं," ते भिंतीकडे बघतच म्हणाले. "कळेपर्यंत झालेलं असतं. म्हणून खाणंच सोडलं. पण तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी मी हट्टानं त्यांना डॉक्टरांकडे नेलं. "बताइए अंकल, क्या तकलीफ है?" डॉक्टरांनी विचारलं. भिंतीवर आतड्यांचं मोठं रंगीत चित्र होतं. एरवी बाबांनी त्यावर डॉक्टरांचाच क्लास घेतला असता. त्या दिवशी ते गुडघ्यांकडे बघत म्हणाले, "कुछ नहीं, थोड़ी कमजोरी है." ते असेच उठून घरी येतील आणि उपाशी राहून संपतील, अशी मला भीती वाटली. मग मीच बोलले. कंपाउंडर तिथेच उभा होता, तरी बोलले. "मोशन पर कंट्रोल नहीं रहता. कपड़े खराब हो जाते हैं. ये छुपाकर धोते हैं. डर के मारे खाना छोड़ दिया है." प्रत्येक शब्दागणिक बाबांची मान आणखी खाली जात होती आणि माझे कान तापत होते. डॉक्टर मात्र शांतपणे लिहीत होते. या वयात स्नायू सैल पडतात, व्यायाम आणि औषधानं बराच फरक पडतो, आधी जेवायला लागा, असं त्यांनी समजावलं.

टॅक्सीत बसल्यावर बाबा म्हणाले, "तुला फार लाज वाटली असेल."

"हो," मी म्हणाले.

"मलाही," ते म्हणाले. यमुनेचा पूल ओलांडेपर्यंत आम्ही दोघं आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होतो.

आता ते पुष्कळ बरे आहेत. पोटभर जेवतात, बागेत फिरून येतात. पण कोणाला काही विचारत नाहीत. पाहुणे येतात, ट्रॅफिकबद्दल आणि प्रदूषणाबद्दल बोलतात, चहा पिऊन जातात. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून "हो ना, बिल्कुल" म्हणत राहतात. लिफ्टमध्येही ते नुसते उभे असतात आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत असते. आमचं घर आता अगदी सभ्य झालं आहे. मला तिथे करमत नाही.